नाक मोकळं करणारे थेंबच नाक बंद करू लागतात तेव्हा

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं इतरांनाही कळेल. वय ३६. दोन वर्षांपासून सकाळी उठलं की १५-२० शिंका, नाक-डोळ्यांना खाज, नाकातून पाण्यासारखी धार. रात्री नाक चोंदतं, कधी डावं, कधी उजवं. गेले सात महिने झोपण्याआधी नाकात थेंब टाकल्याशिवाय डोळा लागत नाही. कपाळ आणि गाल जड झाले की सर्दीची एकत्रित गोळी, आठवड्यातून तीन-चार वेळा. सगळे म्हणतात ‘तुला सायनस आहे’. गेल्या महिन्यात रक्तदाब १४८/९६ निघाला. चिठ्ठीशिवाय मिळणारी जवळजवळ सगळी औषधं घेऊन झाली, एकही पुरत नाही, तर आता नेमकं कोणतं घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं नाक-कान-घशाचे रुग्ण तपासतोय. तुमचं नाक मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुम्ही सांगितलेला क्रम इतका ओळखीचा आहे की एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मुळात तुम्हाला अ‍ॅलर्जी असावी, आणि आजचा रात्रीचा त्रास बऱ्याच अंशी त्या थेंबांनीच उभा केलेला असावा. तसं असेल तर नवीन औषध शोधण्याआधी एक औषध सोडावं लागेल.

‘सायनस आहे’ या बोलण्याने फार घोळ होतो. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. त्या प्रत्येकाला असतात: गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधोमध आणि नाकाच्या अगदी मागे खोलवर, अशा चार जोड्या. त्यांच्या आत सतत पातळ चिकट पाणी तयार होतं आणि सूक्ष्म केसांची लव ते ढकलत ढकलत नाकात आणून सोडते. गालातल्या पोकळीचं तोंड तळाला नसतं, वरच्या बाजूला असतं, आणि तेही जेमतेम काही मिलिमीटरचं. म्हणजे हे पाणी चढावर न्यावं लागतं. नाकाचं अस्तर सुजलं की ते तोंड मिटतं, आतलं पाणी आतच राहतं आणि गाल जड वाटू लागतो. त्यामुळे उपचार करायचा तो नाकातल्या सुजेवर. नाक सुधारलं की पोकळ्या बहुतेक वेळा आपल्या आपण रिकाम्या होतात.

दुसरा गैरसमज असा की नाक चोंदतं ते शेंबडाने. म्हणून माणसं जोर लावून शिंकरत राहतात, काही निघत नाही, आणि कान मात्र दुखायला लागतात. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मांसल घड्या असतात. त्यांत रक्ताच्या बारीक पिशव्यांचं जाळं असतं. त्या रक्ताने भरल्या की घडी फुगते आणि वाट अडते. निरोगी माणसातही काही तासांनी एक बाजू फुगते आणि दुसरी ओसरते, मग उलट होतं. एरवी हे कळतही नाही. पण मुळात सूज असेल तर ही आलटापालट जाणवू लागते, आणि कुशीवर झोपलं की खालची बाजू आणखी भरते. तुमचं ‘कधी डावं, कधी उजवं’ हे बहुधा तेच आहे. ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणून जे लोक घाबरून येतात त्यांच्यातल्या अनेकांच्या नाकातली ही घडीच सुजलेली असते, हाडाचा काही संबंध नसतो.

आता थेंबांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही इथेच.

तुमच्या बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलेलं असेल. ही औषधं त्या घड्यांमधल्या रक्तवाहिन्या आकसवतात. पाच-दहा मिनिटांत नाक असं उघडतं की माणसाला जीवात जीव आल्यासारखं वाटतं. साधी सर्दी जोरात असताना तीन दिवस, फार तर पाच दिवस वापरायला हे चांगलं औषध आहे, मी स्वतः लिहून देतो. त्यापुढे गेलं की रक्तवाहिन्या त्याला सरावतात. असर लवकर उतरतो, आणि उतरताना घडी पूर्वीपेक्षा जास्त फुगते. मग पुन्हा थेंब. आधी रात्री एकदा, मग पहाटे जाग येते तेव्हा, मग दुपारीही. माणसाला वाटतं आपला आजार वाढतोय, म्हणून तो थेंब वाढवतो.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, सहा वर्षं थेंब टाकत होत्या. ‘दिवसातून किती वेळा?’ विचारलं तर सांगता येईना. पर्स उघडून एक बाटली टेबलावर ठेवली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसरी असते, म्हणाल्या. तिसरी उशीखाली, झाकण आधीच सैल करून ठेवलेली, म्हणजे अंधारात चाचपडावं लागू नये. त्या झाकणाविषयी सांगताना त्यांचे डोळे भरून आले. कोणीतरी पहिल्या आठवड्यात ‘पाच दिवसांनंतर बंद’ एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांची सहा वर्षं वाचली असती. बाटलीसोबतच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की कोणी वाचत नाही.

नाकात दुर्बीण घालून पाहिलं की फरक दिसतो. अ‍ॅलर्जीवाल्याची घडी साधारणपणे फिकट, निळसर, पाण्याने भरल्यासारखी दिसते. थेंबांची सवय लागलेल्या नाकात तीच घडी लालभडक आणि कोरडी, जरा धक्का लागला तरी रक्त येईल अशी. सात महिने थेंब टाकणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णात दोन्ही गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात, म्हणून साध्या उपायांचा गुण येईनासा होतो.

हे थेंब सुटतात, अगदी अनेक वर्षांचे सुद्धा. मी बहुतेकांना असं सांगतो: स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे आधी सुरू करा (त्याविषयी खाली लिहितो) आणि तो आठवडाभर रोज, न चुकता घ्या. मग एकाच नाकपुडीतले थेंब पूर्ण बंद करा, दुसरीत चालू ठेवा. बंद केलेली बाजू तीन-चार दिवस गच्च राहील, काहींची आठवडाभर. पण दुसऱ्या बाजूने श्वास चालू असतो, त्यामुळे रात्र निभते. पहिली बाजू आपली आपण उघडू लागली की दुसरी सोडा. धीर धरणारे लोक एकदम दोन्हीकडचे बंद करतात, तेही चालतं, आठवडा मात्र खडतर जातो. उशाशी उंची वाढवा, झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. ज्यांचं या काळात अगदीच भागत नाही त्यांना आम्ही कधी थोड्या दिवसांसाठी पोटात घ्यायचं औषध देतो, पण ते तपासून, आपल्या मनाने घ्यायचं नाही.

आता गोळ्या. सर्दीची ‘एकत्रित’ गोळी म्हणजे साधारण तीन औषधांची मोट: ताप-वेदनेसाठी पॅरासिटामॉल, नाक उघडण्यासाठी फिनाइलएफ्रिन, आणि शिंका थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन. यातलं फिनाइलएफ्रिन पोटातून घेतल्यावर आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात इतकं मोडतं की नाकापर्यंत पोहोचेस्तोवर फारसं उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की नेहमीच्या मात्रेत ही गोळी चोंदलेलं नाक उघडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांतून ते काढण्याचा प्रस्ताव मांडला. धोका आहे म्हणून नव्हे, गुण नाही म्हणून. (नाकात मारायच्या फिनाइलएफ्रिनला हे लागू नाही, ते असर करतं.) त्या गोळीने तुम्हाला जे बरं वाटतं ते पॅरासिटामॉलने डोकं उतरतं म्हणून, आणि क्लोरफेनिरामिनने झापड येते म्हणून.

स्यूडोएफेड्रिन नावाचं दुसरं औषध पोटातून घेतलं तरी खरोखर नाक उघडतं. पण ते साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आकसवतं. रक्तदाब चढतो, छातीत धडधडतं, झोप उडते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. त्यापासून मेथॅम्फेटामिन हे नशेचं रसायन बनवता येतं म्हणून अनेक देशांत त्याच्या विक्रीवर बंधनं आहेत. २०२४ मध्ये युरोपच्या नियामकांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी संबंधित दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामांमुळे सूचना कडक केल्या: रक्तदाब फार जास्त किंवा आटोक्याबाहेर असेल, किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, तर हे औषध घेऊ नये. तुमचा १४८/९६ हा आकडा वाचला तेव्हा मी आधी तुमच्या गोळीत काय असेल याचाच विचार केला. पाकीट उलटं करून घटकांची नावं वाचा. त्यात हे असेल तर आजपासून ती गोळी बंद. फिनाइलएफ्रिन असेल तरी बंदच करा, कारण त्यातून मिळणारं काही नाही. पंधरा दिवसांनी रक्तदाब पुन्हा मोजून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना थेंब आणि गोळी दोन्हींविषयी सांगा. नाकाच्या थेंबांचाही काही अंश रक्तात जातो. लोक ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात थेंब कधीच मोजत नाहीत.

एकत्रित गोळीची मला आणखी एक धास्ती वाटते. डोकं दुखतं म्हणून पॅरासिटामॉलची वेगळी गोळी, सर्दीसाठी ही गोळी, रात्री तेच औषध असलेलं गरम पेय, असं तीन ठिकाणांहून पॅरासिटामॉल पोटात जातं. प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, वजन कमी असेल किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी. ती नकळत ओलांडली जाते. म्हणून मी एकच सांगतो: जी तक्रार आहे तिचंच औषध घ्या, सुटं घ्या. शिंका असतील तर शिंकांचं, दुखत असेल तर दुखण्याचं.

शिंका, खाज आणि वाहतं नाक यांचं औषध म्हणजे अँटिहिस्टामाइन. अ‍ॅलर्जीत शरीर हिस्टामाइन सोडतं, हे औषध त्याची जागा अडवतं. १९४० च्या दशकातली जुनी पिढी (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन) मेंदूत शिरते: झोप, तोंडाला कोरड, दुसऱ्या दिवशी सुस्ती. वयस्कांमध्ये त्यामुळे तोल जातो, लघवी तुंबते, विसरायला होतं. साठीच्या पुढच्या कोणालाही रोजच्या वापरासाठी ही देऊ नयेत, यावर मी ठाम आहे. काचबिंदूच्या काही प्रकारांतही ती त्रासाची. नव्या पिढीतलं लोराटाडिन किंवा सेटिरिझिन दिवसाला १० मिलिग्रॅम, किंवा फेक्सोफेनाडिन, दिवसातून एकदा. सेटिरिझिनने काहींना झोप येते, म्हणून रात्री घ्यावं. फेक्सोफेनाडिन सगळ्यांत कमी गुंगी आणतं, गाडी चालवणाऱ्यांना मी तेच सुचवतो. ते साध्या पाण्यासोबतच घ्यायचं. संत्रं, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूट यांच्या रसासोबत घेतलं तर शरीरात बरंच कमी शोषलं जातं, आणि माणूस म्हणतो या गोळीत दम नाही. सेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन अचानक थांबवल्यावर काही थोड्या लोकांना अंगभर तीव्र खाज सुटल्याचं आढळलं आहे, हेही माहीत असू द्या.

पण अँटिहिस्टामाइन चोंदलेलं नाक फारसं उघडत नाही. लोकांची निराशा इथेच होते. शिंका थांबतात, नाक बंदच राहतं, मग ‘आणखी स्ट्राँग’ काहीतरी मागतात.

सूज उतरवणारं औषध म्हणजे स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड, ट्रायम्सिनोलोन. शिंका, खाज, वाहणं आणि चोंदणं या चारही तक्रारींवर तो चालतो. रोजच्या अ‍ॅलर्जीत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोष्टींपैकी एकच निवडायची म्हटलं तर मी हीच निवडेन. अमेरिकेत यांपैकी काही २०१३-१४ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागले, इतरत्र नियम वेगवेगळे आहेत. चिठ्ठी लागत असेल तर घ्या, एका भेटीचं काम आहे.

‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून लोक मागे सरतात. ती भीती मी समजू शकतो, पोटातून महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडने झालेलं नुकसान मीही पाहिलंय. स्प्रेचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन यांचा २ टक्क्यांहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो. खरा त्रास होतो तो नाक कोरडं पडणं, खपल्या धरणं आणि थोडं रक्त येणं एवढाच, आणि तोही बहुतांशी चुकीच्या पद्धतीने मारल्यामुळे. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मुलांना दीर्घकाळ द्यायचा असेल तर उंचीवर लक्ष ठेवावं लागतं.

‘स्प्रे घेऊन पाहिला, काही फरक नाही’ असं कोणी म्हणालं की मी त्यांना बाटली हातात देऊन दाखवायला सांगतो. दहापैकी सात-आठ जण डोकं मागे टाकतात, नळी सरळ वर नाहीतर मधल्या पडद्याकडे रोखतात, दाबतात आणि जोरात सुर्र करून ओढतात. औषध थेट घशात उतरतं, चव कडवट लागते, आणि नाकाच्या वाट्याला येतो तो पडद्यावरचा मारा, ज्याने रक्त येतं. बरोबर पद्धत अशी. आधी नाक हलकेच शिंकरून घ्या. बाटली हलवा. मान किंचित खाली, पायाच्या बोटांकडे पाहिल्यासारखी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळीचं टोक जेमतेम आत घाला आणि त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने तिरपं करा. हात बदलला की दिशा आपोआप साधते. दाबताना फुलाचा वास घेतल्याइतकाच हलका श्वास घ्या. नंतर जोरात ओढू नका, शिंकरू नका. घशात चव आली नाही तर समजा जमलं.

दुसरी अट चिकाटीची. पहिला परिणाम अर्ध्या-एक दिवसात जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात. ‘त्रास झाला की मारतो’ या हिशेबाने घेतला तर तो वाया जातो. थेंबांच्या पाच मिनिटांची सवय लागलेल्या माणसाला हे औषध निरुपयोगी वाटतं, तिसऱ्या दिवशी तो बाटली कपाटात टाकतो आणि पुन्हा थेंबांकडे वळतो. तुमच्याही कपाटात अशी अर्धी भरलेली बाटली असण्याची शक्यता आहे. मुदत आणि उघडल्याची तारीख बघून तीच वापरायला काढा.

स्प्रे नियमित चालू असेल तर सोबत रोजच्या गोळीची भर फारशी पडत नाही. सकाळच्या शिंका किंवा डोळ्यांची खाज उरलीच तर त्या दिवशी घ्या. काहींना अ‍ॅझेलास्टिन हा अँटिहिस्टामाइनचाच स्प्रे लागू पडतो. १५-२० मिनिटांत असर दाखवतो, चव मात्र फार कडू.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्यावर माझा मनापासून विश्वास आहे. ते परागकण, धूळ, घट्ट शेंबूड आणि सुजेची रसायनं धुऊन नेतं, त्यात औषध नाही, आणि गरोदर बाई, रक्तदाबाचा रुग्ण, आजोबा सगळ्यांना चालतं. प्रमाण एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. म्हणजे अर्धा लिटर पाण्यात बारीक मिठाचा पाऊण छोटा चमचा, आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम. चुरचुरत असेल तर चिमूटभर खायचा सोडा. पाणी कोमट. सिंकवर वाकायचं, डोकं बाजूला कलतं, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत सोडायचं, खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे घ्यायचा. आधी स्प्रे आणि मग धुणं म्हणजे औषध सिंकमध्ये.

पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. इथे कोणतीही सवलत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे जण नेग्लेरिया फाउलेरी नावाच्या अमिबामुळे दगावले. हा अमिबा पाण्यासोबत पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो. अत्यंत दुर्मीळ आहे, पण एक मिनिट खळखळून उकळण्याने टळतं (उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं). भांडंही रोज धुऊन कोरडं ठेवा.

वाफेने बरं वाटतं, सूज उतरत नाही. घ्यायची तर घ्या, पण उकळत्या पातेल्यावर मुलाला वाकवू नका. त्या पातेल्याने भाजलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. मेन्थॉलचं मलम किंवा इन्हेलर नाकातल्या थंडाव्याच्या संवेदनेला चेतवतं, त्यामुळे हवा जास्त जातेय असा भास होतो, वाट तेवढीच राहते. झोप लागायला एवढं पुरत असेल तर हरकत नाही. कापूर-मेन्थॉल दोन वर्षांखालच्या बाळांच्या जवळ नको, नाकाखाली तर अजिबात नको.

लहान मुलांविषयी एवढंच सांगतो की मोठ्यांचे थेंब बाळाच्या नाकात घालू नका आणि बाटली त्यांच्या हाताला लागू देऊ नका. ते औषध चुकून पोटात गेलं तर बाळ सुस्त पडतं, श्वास आणि नाडी मंदावते. बाळाला मिठाच्या पाण्याचे थेंब आणि शोषून काढणं पुरतं.

तुमच्या कपाळाच्या आणि गालांच्या जडपणाबद्दल एक शंका आहे. त्यासोबत उजेड सहन होत नाही का? मळमळ होते का? एक बाजू ठणकते का? काही तासांत किंवा दिवसभरात आपलं आपण ओसरतं का? २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःला सायनसची डोकेदुखी असल्याचं सांगणाऱ्या जवळपास ३००० लोकांना तपासलं, तेव्हा ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. मायग्रेनमध्येही नाक वाहतं, डोळ्यांना पाणी येतं, चेहरा जड होतो, त्यामुळे फसगत होते. शिवाय आठवड्यातून तीन-चारदा वेदनाशामक घेत राहिलं तर त्यानेच डोकेदुखी टिकून राहू शकते. नाक सुधारलं आणि डोकं तसंच राहिलं तर त्या दिशेने तपासणी करून घ्या. आणि दुखणं फक्त एका गालात असेल, सोबत घाण वास असेल, तर वरच्या दाढा दाखवा. दाढेच्या मुळाचा पू गालाच्या पोकळीत उतरतो, आणि तिथे नाकाचं कुठलंही औषध पोहोचत नाही.

शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतं असं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्याचा असतो, विषाणूंच्या साध्या सर्दीतही येतो. सर्दी दहा दिवसांनंतरही तशीच असेल, उतरू लागून पुन्हा जोरात उलटली असेल, किंवा तीन-चार दिवस ३९ अंशांचा ताप, पू आणि चेहऱ्याचं दुखणं एकत्र असेल, तेव्हा जिवाणूंचा विचार करायचा. उरलेल्या जुन्या पाकिटातल्या दोन गोळ्या घेणं तर कधीच नाही.

काही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. डोळ्याभोवती सूज किंवा लाली, दोन-दोन दिसणं, मान आखडणं, भान हरपणं, असह्य डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा रक्तमिश्रित पू, एकच बाजू महिनोन्‌महिने बंद, वाकल्यावर एकाच बाजूने पाण्याची टपटप, यांसाठी दुर्बिणीने तपासणी लवकर करून घ्या. मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर आत मणी, खोडरबर, बॅटरी असं काहीतरी अडकलेलं असू शकतं, आणि बटणाच्या आकाराची बॅटरी काही तासांत नाकाचा पडदा जाळते. दमा आहे, नाकात मास (पॉलिप) वाढलंय आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने श्वास लागतो, अशा माणसाने दुखण्यावर ती औषधं चुकूनही घेऊ नयेत.

तर तुमच्यापुरतं. एकत्रित गोळी आजच थांबवा. डोकं दुखलंच तर सुटं पॅरासिटामॉल, आठवड्यातून दोन दिवसांहून जास्त नको. उद्यापासून सकाळी मिठाच्या पाण्याने धुणं आणि मग स्प्रे, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे. शिंकांचा जोर असेल त्या दिवशी फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिन. आठव्या दिवशी उजव्या बाजूचे थेंब बंद, ती उघडली की डाव्या बाजूचे. दरम्यान उशा-गाद्यांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा, कारण सकाळच्या शिंकांमागे बहुधा अंथरुणातले धुळीतले किडे असतात आणि ते त्याच तापमानाला मरतात. चार आठवडे नीट करूनही रात्री नाक बंदच असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पडदा वाकडा असणं, पॉलिप असणं हे दुर्बिणीशिवाय कळत नाही. अ‍ॅलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची ठरली तर त्याआधी साधारण आठवडाभर अँटिहिस्टामाइन बंद ठेवावं लागतं, स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. एका कागदावर रोज तारीख आणि डावी-उजवी बाजू कशी होती एवढं लिहीत जा, रक्तदाबाचे आकडेही त्यावरच. भेटीला जाताना तो कागद आणि आत्ता वापरात असलेली प्रत्येक बाटली, थेंबांचीसुद्धा, सोबत घेऊन जा.